साच्यात न बसणारं कोडं: कायद्याच्या प्रवेश परीक्षेसाठी तर्काची वेगळी तयारी

सीटिंग अरेंजमेंट, मजल्यांचं कोडं, रक्तसंबंध, दिशा, सांकेतिक भाषा. कायद्याच्या प्रवेश परीक्षेची तयारी करणाऱ्या बहुतेक मुलांची तर्काची वही या पाच-सहा प्रकारांनी भरलेली असते. त्यात चूक काहीच नाही. पेपरातले बरेचसे प्रश्न याच प्रकारांतले असतात आणि हात बसल्याशिवाय ते वेळेत सुटत नाहीत. पण अधूनमधून एखादा सेट, म्हणजे एक कोडं आणि त्यावरचे प्रश्न, असा येतो, की तो वहीतल्या एकाही पानावर बसत नाही. त्यात टेबल नसतं, मजले नसतात, रांगही नसते. चांगली तयारी झालेली मुलंही तो तीनदा वाचतात, सवयीने एक तक्ता आखतात, तक्ता जमत नाही म्हणून खोडतात, आणि सहा-सात मिनिटं हातची जातात. त्याहून मोठं नुकसान पुढे होतं, कारण त्या घाबरलेल्या मनानेच पुढचे सोपे प्रश्नही सोडवले जातात.

अशा सेटची तयारी करता येते, आणि ती वहीत आणखी दहा प्रकार वाढवून होत नाही. विचित्र दिसणाऱ्या कोड्यातलं तर्कशास्त्र तेच जुनं असतं. नवी असते ती फक्त मांडणी. तयार आकृती हाताशी नसताना नियम वाचून स्वतःची चौकट उभी करायला शिकणं, एवढंच इथे शिकायचं आहे. ते नेमकं कसं करायचं, ते दोन कोडी शेवटपर्यंत सोडवून दाखवतो.

आधी ही कोडी कुठली, ते पाहू.

कायद्याच्या प्रवेशासाठी तर्ककोडी विचारण्याची सगळ्यात पक्की परंपरा अमेरिकेतल्या एलसॅट या परीक्षेची. लॉ स्कूलमध्ये प्रवेश घेणाऱ्यांची ही परीक्षा १२० ते १८० या पट्टीवर गुण देते. तिच्यात अनेक दशकं एक विभाग होता, ज्याला मुलं ‘लॉजिक गेम्स’ म्हणत. ३५ मिनिटांत चार कोडी सोडवायची. प्रत्येक कोड्यावर पाच-सात प्रश्न, मिळून २२ ते २४. म्हणजे एका कोड्याला नऊ मिनिटंसुद्धा पूर्ण मिळत नसत. बहुतेक कोडी दोनच घराण्यांतली असायची: कोणाला तरी क्रमाने लावा, किंवा कोणाची तरी गटांत वाटणी करा. पण मधूनच एखादं वेगळं यायचं. सप्टेंबर २०१६ च्या पेपरात सहा संगणकांमध्ये विषाणू पसरतो आणि तो कोणाकडून कोणाकडे गेला ते शोधायचं असतं. क्रम लावायचा तर सरळ रांग नाही, गट करायचे तर गट नाहीत. एलसॅट देणाऱ्यांमध्ये हे कोडं अजूनही अवघड कोड्याचं उदाहरण म्हणून सांगितलं जातं.

ऑगस्ट २०२४ पासून एलसॅटमधून हा विभाग गेला. तो का गेला, ते पुढे येईल. आपल्याकडे मात्र या जातीचे प्रश्न टिकून आहेत. महाराष्ट्राच्या एमएच सीईटी लॉमध्ये तर्क आणि विश्लेषणाचा स्वतंत्र विभाग आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाच्या आयलेटमध्ये तर १५० पैकी ७० प्रश्न तर्काचे असतात. देशातल्या बहुतेक राष्ट्रीय विधी विद्यापीठांची प्रवेश परीक्षा असलेली क्लॅट २०२० पासून उताऱ्यांवर आधारलेली झाली, त्यामुळे तिथे भर युक्तिवाद समजून घेण्यावर असतो. तरी नियम वाचून त्यातून काय निघतं आणि काय निघत नाही हे ओळखण्याची सवय तिथेही तितकीच उपयोगी पडते.

आणि ही सवय वकिलीला धरूनच आहे. कलमात जे लिहिलं आहे तेवढंच धरायचं, जे लिहिलेलं नाही ते मनाने घालायचं नाही, आणि चार कलमं एकत्र वाचल्यावर कोणत्याच एका कलमात नसलेला निष्कर्ष बाहेर काढायचा, हे वकिलाचं रोजचं काम आहे. म्हणून ही कोडी मला कधीच डोकेफोड वाटत नाहीत.

पहिलं कोडं: नोट्स कोणाकडून कोणाकडे

अमेय, भक्ती, चेतन, दीपा आणि ईशान या पाच जणांकडे एकाच विषयाच्या नोट्स आहेत. मूळ नोट्स पाचांपैकी एकाने लिहिल्या. उरलेल्या चौघांपैकी प्रत्येकाने त्या या पाचांपैकीच नेमक्या एकाकडून उतरवून घेतल्या. अर्थात, स्वतःकडे नोट्स आल्याशिवाय कोणी त्या दुसऱ्याला देऊ शकत नाही. आता नियम:

एक, कोणाकडूनही दोघांपेक्षा जास्त जणांनी नोट्स उतरवलेल्या नाहीत.
दोन, चेतन आणि दीपा यांनी एकाच व्यक्तीकडून उतरवल्या.
तीन, भक्तीकडून नेमक्या एकाने उतरवल्या.
चार, अमेयने चेतनकडून किंवा दीपाकडून उतरवल्या.

प्रश्न पहिला: मूळ नोट्स कोणी लिहिल्या?

पहिल्या वाचनात हा प्रश्न अन्यायाचा वाटतो. मूळ लेखकाबद्दल एकाही नियमात अवाक्षर नाही. इथेच मुलं ‘माहिती अपुरी’ म्हणून सोडून देतात. पण जरा थांबून तीन गोष्टी स्वतःला विचारायच्या. या कोड्यात हलतंय काय? नोट्स. त्या एका माणसाकडून दुसऱ्याकडे कशा जातात? प्रत्येकाकडे एकाच ठिकाणाहून येतात, पण एकाकडून दोन ठिकाणी जाऊ शकतात. आणि काय होणं अशक्य आहे? नोट्स फिरून पुन्हा पहिल्याकडे येणं. एवढं लक्षात आलं की चौकट आपोआप दिसते: हा वंशवृक्ष आहे. वर एक मूळ, खाली फांद्या, प्रत्येक फांदीला एकच उगम. रक्तसंबंधांच्या प्रश्नात जे झाड आपण रोज काढतो, तेच झाड इथे माणसांऐवजी वह्यांचं आहे.

आता सगळ्यात जास्त बंधन घालणारा नियम शोधायचा. नियम छापलेल्या क्रमाने वापरायला हवेत असं कुठेही नाही. इथे दुसरा नियम जड आहे, कारण तो एकदम दोघांना बांधतो. चेतन आणि दीपा ज्याच्याकडून उतरवतात, ती व्यक्ती कोण? ते दोघं स्वतः असू शकत नाहीत. चेतनने दीपाकडून घेतल्या असत्या तर दीपालाही दीपाकडूनच घ्याव्या लागल्या असत्या, आणि ते शक्य नाही. म्हणजे उरले अमेय, भक्ती आणि ईशान. भक्तीकडून नेमक्या एकाने घेतल्या आहेत, इथे तर दोघं आहेत. भक्ती बाद. अमेय? त्याने स्वतः चेतन किंवा दीपाकडून घेतल्या, मग तो त्या दोघांना देणार कसा? अमेयही बाद. राहिला ईशान. चेतन आणि दीपाने ईशानकडूनच घेतल्या, हे पक्कं.

आता भक्ती. तिच्याकडून नेमक्या एकाने घेतल्या. कोणी? चेतन आणि दीपाने ईशानकडून घेतल्या. अमेयने त्या दोघांपैकी एकाकडून. मग राहतो एकटा ईशान. म्हणजे ईशानने भक्तीकडून घेतल्या. आणि भक्तीने कोणाकडून? बाकीचे चौघेही तिच्या खालच्या फांद्यांवर आहेत, त्यांपैकी कोणीही तिला नोट्स देऊ शकत नाही. म्हणून मूळ नोट्स भक्तीच्या.

जे कोडं अपुरं वाटत होतं, त्यात आता फक्त एक गोष्ट मोकळी उरली आहे: अमेयने चेतनकडून घेतल्या की दीपाकडून. संपूर्ण कोड्याच्या दोनच मांडण्या. या दोन ओळी कच्च्या कामाच्या कागदावर लिहिल्या की पुढचा प्रत्येक प्रश्न काही सेकंदांचा होतो.

विचित्र कोड्यांबद्दल ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ती दिसायला जितकी मोकळी, आतून बऱ्याचदा तितकीच घट्ट असतात. पेपर काढणाऱ्यालाही वेळेचं भान असतं. चौकट अनोळखी ठेवायची असेल तर मांडण्यांची संख्या त्याला आवरती ठेवावी लागते. म्हणून अनोळखी सेट दिसला की लगेच प्रश्नांकडे धावू नका. आधी दोन मिनिटं नियमांवर खर्च करा आणि काय काय पक्कं होतंय ते पाहा.

‘असू शकतं’ आणि ‘असणारच’

हे दोन शब्दप्रयोग मुलांचे सगळ्यात जास्त गुण खातात. ‘पुढीलपैकी कोणतं विधान खरं असू शकतं?’ असं विचारलं असेल, तर ज्यात ते विधान खरं ठरतं अशी एकच मांडणी सापडली की काम झालं. ‘कोणतं विधान खरं असणारच?’ असं विचारलं असेल, तर एका मांडणीत ते खोटं पडताना दिसलं की तो पर्याय खोडायचा. आपल्या कोड्यात ‘अमेयने दीपाकडून उतरवल्या’ हे असू शकतं. ‘अमेयकडून कोणीच उतरवल्या नाहीत’ हे असणारच. पर्याय तपासताना पहिल्या जातीच्या प्रश्नात उदाहरण शोधायचं, दुसऱ्या जातीच्या प्रश्नात प्रतिउदाहरण. घाईत नेमकी याचीच अदलाबदल होते.

याच ओघात आणखी एक. ‘चेतनकडून किंवा दीपाकडून’ असं म्हटलं की दोन्ही एकदम होऊ शकतं का, याचं उत्तर कोड्याच्या मूळ अटींत शोधायचं. इथे प्रत्येकाने नेमक्या एकाकडून घेतल्या असं आधीच सांगितलं आहे, म्हणून दोन्ही होत नाही. ते सांगितलं नसतं, तर ‘किंवा’ म्हणजे किमान एक, कदाचित दोन्हीही, असं धरणं तर्काला धरून आहे.

नियम बदलणारा प्रश्न

एलसॅटच्या नंतरच्या वर्षांत एक प्रश्न वारंवार दिसू लागला होता: अमुक नियम काढून त्याच्या जागी पुढीलपैकी कोणता नियम ठेवला तर परिणाम तोच राहील? आपल्याकडच्या वर्गांत हा प्रकार फारसा शिकवला जात नाही, म्हणून तो आला की गोंधळ उडतो. आपल्याच कोड्यात तिसरा नियम काढा, म्हणजे ‘भक्तीकडून नेमक्या एकाने उतरवल्या’ हा. त्याच्या जागी पर्याय असे:

क) मूळ नोट्स भक्तीने लिहिल्या.
ख) ईशानने भक्तीकडून उतरवल्या.
ग) चेतनने ईशानकडून उतरवल्या.

तिन्ही विधानं मूळ कोड्यात खरी आहेत. म्हणूनच हा प्रश्न फसवा. नुसतं खरं असून भागत नाही, नव्या नियमाने नेमक्या त्याच दोन मांडण्या आत यायला हव्यात, एकही जास्त नको.

‘क’ घेऊन पाहा. भक्ती मूळ लेखक. मग चेतन आणि दीपाने थेट भक्तीकडून घेतल्या, अमेयने चेतनकडून, ईशानने अमेयकडून, असंही चालतं. उरलेला एकही नियम मोडत नाही. म्हणजे हा नियम सैल पडला. ‘ग’ मध्ये ईशान स्वतःच मूळ लेखक होऊ शकतो आणि भक्ती अमेयकडून घेऊ शकते. तोही सैल. आता ‘ख’. ईशानने भक्तीकडून घेतल्या. चेतन आणि दीपाने भक्तीकडून घेतल्या असत्या तर भक्तीकडून घेणारे तिघं झाले असते, आणि पहिला नियम मोडला असता. अमेय आधीच बाद आहे. म्हणून ते दोघं ईशानकडूनच घेतात, अमेय त्यांच्यापैकी एकाकडून, आणि भक्तीला देणारं कोणी उरत नाही, म्हणून मूळ लेखक भक्तीच. पुन्हा त्याच दोन मांडण्या. उत्तर ‘ख’.

हा प्रश्न सोडवण्याची रीत त्यातच दिसते. पर्याय खरा आहे का, एवढं पाहून थांबायचं नाही. तो नियम धरून जुन्या कोड्यात न बसणारी एखादी मांडणी तयार होते का, ते मुद्दाम शोधायचं. अशी एक जरी सापडली तरी पर्याय गेला. वेळ कमी असेल तर हा प्रश्न सेटमध्ये शेवटी घ्या, कारण तोवर बाकीच्या प्रश्नांमुळे कोडं हाताला पुरतं ओळखीचं झालेलं असतं.

दुसरं कोडं: जागा बदलत राहणाऱ्या चौघी

विचित्र कोड्यांचं दुसरं मोठं घराणं म्हणजे ज्यात स्थिती टिकत नाही, ती दर पायरीला बदलते. बँकेच्या परीक्षांची तयारी करणाऱ्यांना ‘मशीन इनपुट’ म्हणून याचा एक चुलतभाऊ माहीत असतो. पण तिथे मशीनची चाल ठरलेली असते. इथे प्रत्येक पायरीला दोनपैकी कोणतीही चाल पडू शकते.

लेझीमच्या पथकात चौघी एकामागे एक उभ्या आहेत: पुढून गौरी, मीरा, सई, तन्वी. ताशाच्या प्रत्येक ठोक्याला पुढच्या दोनपैकी एकच चाल होते. ‘फेर’ म्हणजे सर्वांत पुढची मुलगी सर्वांत मागे जाते आणि बाकीच्या एकेक जागा पुढे सरकतात. ‘पालट’ म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या जागेवरच्या दोघी आपसात जागा बदलतात.

प्रश्न: तीन ठोक्यांनंतर तन्वी सर्वांत पुढे आहे. मग काय खरं असणारच?

तीन ठोके, प्रत्येकी दोन शक्यता, म्हणजे आठ वाटा. आठही लिहिता येतील. शांतपणे बसलात तर चार-पाच मिनिटांत होतीलही, पण एवढ्या वेळात बाकीचे चार प्रश्न झाले असते. प्रश्न एकट्या तन्वीबद्दल आहे, तर एकट्या तन्वीचाच माग काढा. ती चौथ्या जागेवर आहे. पालटात फक्त दुसरी आणि तिसरी हलतात, म्हणून चौथ्या जागेवरून निघायचं तर फेरच हवा. फेराने ती तिसरीवर येते. तिथून दुसरीवर यायला फेर चालतो आणि पालटही चालतो. दुसरीवरून पहिलीवर मात्र फेरानेच जाता येतं. म्हणजे तीन ठोक्यांत पुढे यायचं तर एकही ठोका वाया घालवून चालणार नाही, आणि पहिला व तिसरा ठोका फेराचाच असणार. मधला कोणताही.

फक्त दोनच वाटा उरल्या. फेर, फेर, फेर झालं तर रांग तन्वी, गौरी, मीरा, सई अशी होते. फेर, पालट, फेर झालं तर तन्वी, सई, गौरी, मीरा. आता कोणताही पर्याय या दोन रांगांवर घासून बघता येतो. ‘मीरा गौरीच्या लगेच मागे आहे’ हे दोन्हींत खरं. ‘सई सर्वांत मागे आहे’ हे एकीतच.

याच विचाराने आणखी एक प्रश्न लिहिण्याआधीच सुटतो: दोनच ठोके झाले असतील तर सर्वांत पुढे कोण असू शकत नाही? तन्वी. तिला किमान तीन ठोके लागतात, हे आत्ताच पाहिलं.

बदलत्या कोड्यांत दुसरी एक नजर फार कामाला येते: बदलत काय नाही? एलसॅटच्या नव्वदच्या दशकातल्या एका जुन्या कोड्यात तीन कंपन्या आपापल्या इमारतींची अदलाबदल करतात. इमारतींचे तीन वर्ग. एकाच वर्गातल्या इमारतींची एकास एक अदलाबदल चालते, पहिल्या वर्गाची एक इमारत देऊन दुसऱ्या वर्गाच्या दोन घेता येतात, आणि दुसऱ्या वर्गाची एक देऊन तिसऱ्या वर्गाच्या दोन. व्यवहार कितीही करा, म्हणून सगळ्या शक्यता लिहीत बसण्यात अर्थ नाही. पण तिसऱ्या वर्गाच्या इमारतीची किंमत १ धरली, दुसऱ्याची २ आणि पहिल्याची ४, तर प्रत्येक व्यवहारात दिलेलं आणि घेतलेलं सारखंच भरतं. कोणत्याही कंपनीची एकूण किंमत कधीच बदलत नाही. समजा, एका कंपनीकडे पहिल्या वर्गाची एक आणि तिसऱ्या वर्गाची एक इमारत आहे, म्हणजे एकूण ५. पाच ही विषम संख्या. पहिल्या आणि दुसऱ्या वर्गाच्या इमारती सम किमतीच्या. म्हणून शंभर व्यवहार झाले तरी तिच्याकडे तिसऱ्या वर्गाची किमान एक इमारत राहणारच. हे एकदा दिसलं की शंभर व्यवहारांची भीती उरत नाही.

आकृतीवाचून

आता एलसॅटमधून हा विभाग का गेला, ते. या कोड्यांची सगळी शिकवणी आकृत्यांवर उभी होती: रकाने, झाडं, बाण, वर्तुळं. ज्यांना दिसत नाही अशा उमेदवारांसाठी हे मोठंच बंधन होतं. अंध उमेदवारांच्या वतीने खटला झाला, २०१९ मध्ये तडजोड झाली, आणि परीक्षा घेणाऱ्या संस्थेने हीच क्षमता दुसऱ्या मार्गाने तपासण्यासाठी अभ्यास करून विभाग बदलायचं मान्य केलं. ऑगस्ट २०२४ च्या पेपरापासून कोड्यांची जागा युक्तिवादाच्या आणखी एका विभागाने घेतली. हा बदल योग्य होता असं मला मनापासून वाटतं. ज्या परीक्षेत चित्र काढता येणं ही जवळजवळ अट होऊन बसते, ती तर्काबरोबर दुसरंच काहीतरी मोजू लागते.

तयारीच्या दृष्टीने यात एक कामाची गोष्ट आहे. वर नोट्सचं कोडं सोडवताना मी एकही आकृती काढली नाही, सगळं वाक्यांत केलं. घरी सराव करताना आठवड्यातून एखादं छोटं कोडं मुद्दाम तसंच, तोंडाने बोलून सोडवा. ‘भक्ती असू शकत नाही, कारण...’ असं प्रत्येक पाऊल कारणासकट म्हणायचं. ज्या पावलाला कारण सांगता येत नाही, तिथे आपण अंदाज केला आहे हे लगेच उघडं पडतं. आकृती बऱ्याचदा तो अंदाज झाकते. रकान्यात नाव भरलेलं दिसलं की ते सिद्ध झालं असंच वाटू लागतं. परीक्षेत आकृती जरूर काढा, वेळ वाचतो. पण चौकट डोक्यात तयार झाल्यावर काढा. उलटा क्रम झाला की सुरुवातीला सांगितलेलं खोडाखोडीचं प्रकरण होतं.

वेळ, निवड आणि सराव

अनोळखी सेट पेपरात दिसला तर तो कधी घ्यायचा? एमएच सीईटी लॉमध्ये चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. तिथे असा सेट खूण करून शेवटी ठेवा, पण एकही प्रश्न कोरा सोडू नका. आयलेटमध्ये आणि क्लॅटमध्ये चुकीला पाव गुण जातो. तिथे निदान दोन पर्याय कारणासकट खोडता आले तरच उरलेल्यांपैकी एक निवडा. आणि सेट सोडायचाच असेल तर तो अर्ध्या मिनिटात सोडा. एकदा नियम वाचून झाल्यावर ‘इथे काय हलतंय आणि कशाला जोडलंय’ याचं उत्तर मनात उमटलं नाही, तर पुढे व्हा. परत याल तेव्हा बऱ्याचदा तोच सेट सोपा दिसतो, कारण पहिल्या भेटीची धास्ती गेलेली असते. सगळ्यात वाईट म्हणजे तीन मिनिटं घालवून मग सोडणं.

सरावासाठी एलसॅटच्या जुन्या पेपरांमधले हे विभाग आजही उत्तम आहेत. परीक्षेतून गेले म्हणून त्यांचा दर्जा गेला नाही. उलट, इतकी काटेकोर, एकही पळवाट न ठेवणारी भाषा आपल्याकडच्या सराव पुस्तकांत क्वचित सापडते. इंग्रजीतून वाचणं जड जात असेल, तर आधी प्रत्येक नियम स्वतःच्या शब्दांत मराठीत लिहा आणि मगच सोडवायला घ्या. सीईटीचा पेपर मराठीतून देणार असाल तर हे दुप्पट फायद्याचं, कारण ‘नेमके’, ‘किमान’, ‘लगेच आधी’ आणि नुसतं ‘आधी’ यांतला फरक तुमच्या स्वतःच्या लिखाणात नीट उतरला की नाही, ते तपासावं लागतं.

कोडं सुटल्यावर ते बाजूला ठेवायची घाई नको. माझ्या मते खरा अभ्यास तिथून पुढे सुरू होतो. त्यातला एक नियम बदलून बघा आणि काय मोडतं, काय टिकतं ते शोधा. शंभर नवे सेट सोडवून जे येणार नाही ते दहा सेट असे उलटसुलट करून येतं, कारण नियम आणि मांडणी यांचं नातं तेव्हा आतून कळतं. सुरुवात नोट्सच्या कोड्यापासूनच करा. तिसऱ्या नियमात ‘भक्तीकडून नेमक्या एकाने’ याऐवजी ‘भक्तीकडून नेमक्या दोघांनी’ असं लिहा, बाकी काहीही बदलू नका. दोनाऐवजी आता आठ मांडण्या होतात. चेतन आणि दीपाने कोणाकडून उतरवल्या ते आधी पक्कं करा, मग आठही मांडण्या कागदावर उतरवा. सहाच सापडल्या, तर मूळ नोट्स भक्तीने लिहिल्या असंच तुम्ही अजून धरून चाललेला आहात का, ते बघा.